जोडीचं रक्त

आमच्या पुढच्या दोन खोल्या त्या डॉक्टरांनी भाड्यानं घेतल्या आणि दारावर ‘रक्त तपासणी’ अशी पाटी लावली. जनावरांची, हे पाटीवर लिहायचं राहून गेलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी गल्लीतले एक आप्पा, रेल्वेतून रिटायर झालेले, साखर तपासायला उपाशीपोटी येऊन बाकावर बसले. डॉक्टर बाहेर आले, आप्पांकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाले,

“त्रास काय हाय?”

“थकवा येतोय.”

“रवंथ व्यवस्थित हाय का?”

“काय?”

“शेण कसं पडतंय? पातळ का घट्ट?”

आप्पा उठले, चपला घातल्या आणि जाताना मला म्हणाले, “वहिनी, भाडेकरू ठिवताना आदी डोकं तपासून घेत जावा.”

मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. मला हसू आलं नाही. वाटलं, आपण घरात येडा माणूस घेतला. आत जाऊन बघितलं तर डॉक्टर एकटेच तोंडावर रुमाल धरून हसत होते.

पाटी त्यांनी शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही. मी सांगून थकले. म्हणायचे, “जनावराला वाचता येत न्हाई, आन् ज्याचं जनावर आजारी हाय तो इचारत इचारत येतोच.” येत होतेच. दौंडच्या आसपासचे तर यायचेच, पण नदीपलीकडून शिरूर तालुक्यातनं, पार केंदूरवरनं माणसं मोटरसायकलवर रक्ताच्या नळ्या घेऊन यायची. आमचं घर गावाच्या कडेला, नदीकडच्या बाजूला. दारात गाडी लावायला जागा होती, आणि माणसं निंबाखाली बसायची.

डॉक्टर सरकारी नोकरीत जनावरांचे डॉक्टर होते. रिटायर झाल्यावर लोक बंगला बांधतात, यांनी माझ्या दोन खोल्या घेतल्या. बायको वारली होती, मुलगी लांब दिलेली. उंच, हडकुळा माणूस. पांढरा शर्ट घालायचे आणि त्यावर जांभळे डाग. रक्त काचेवर पसरून त्याला जांभळा रंग द्यावा लागतो, म्हणजे त्यातलं बारीकसारीक दिसतं. तो रंग त्यांच्या बोटांना, माझ्या भिंतीला, मोरीला, एकदा तर माझ्या वाळत घातलेल्या लुगड्याला लागला. मी बोलले तर म्हणाले, “मालकीणबाई, ह्यो रंग चांगल्या प्रतीचा हाय, जायचा न्हाई.” जणू मला बरं वाटावं म्हणून सांगत होते.

एकदा माझी पिठाची चाळण सापडेना. सगळं घर धुंडाळलं. शेवटी त्यांच्या खोलीत टेबलावर उपडी दिसली, आणि खाली रक्त फासलेल्या काचा. माशा काचेवरचं रक्त चाटून जातात, मग दुर्बिणीत बघायला काही उरत नाही, म्हणून झाकण. मी त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहीत नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमचं बराबर हाय. पण भोकं कशी अगदी मापाची हायेत बघा.” ती चाळण त्यांनाच ठेवली. नवी आणून द्यायचं त्यांना कधी सुचलं नाही.

असा माणूस. सोबतीला सोपा नव्हता. जेवायचे उभ्यानं. दुर्बीण जुनी, आरशाची, तिला दिव्याचा नाही, उन्हाचाच उजेड पाहिजे म्हणायचे. त्यामुळं टेबल सकाळी खिडकीत, दुपारी दारात आणि उतरत्या उन्हाला पार ओट्यावर. माझ्याकडं दूध न्यायला येणाऱ्या बायका त्या टेबलाला वळसा घालून यायच्या. मी रेल्वे कॉलनीत दुधाचा रतीब घालत होते. नवरा गेल्यापासून घर माझ्या दोन म्हशींवर चाललं होतं. मुलगा हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, बाकीचे दिवस रिकामा.

डॉक्टरांचा एक नेम होता, आणि त्यावरनं रोज दारात भांडण व्हायचं. आजारी जनावराचं एकट्याचं रक्त ते तपासायचे नाहीत. त्याच गोठ्यातलं, त्याच वयाचं, चांगलं चालतंबोलतं जनावर असेल त्याचंही रक्त बरोबर पाहिजे. त्याला ते जोडीचं रक्त म्हणायचे. चांगल्याचं आधी बघायचे, आजाऱ्याचं मागनं.

“अवो, ती गाय ठणठणीत हाय,” माणूस वैतागून म्हणायचा. “तिला सुई टोचू म्हणता?”

“व्हय.”

“तिचं काय बघायचंय त्यात?”

“ठणठणीत म्हंजी काय, ते बघायचंय.”

माणसं आम्हाला घाई आहे म्हणायची, दुसरीकडं लगेच करून देतात म्हणायची. डॉक्टर म्हणायचे, “मग तिकडं जावा. तिकडं कागद लवकर मिळतो.” काही जण खरंच जायचे. जे थांबायचे त्यांच्याकडून जास्तीच्या नळीचं काही घ्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, हा खटाटोप कशासाठी. तेव्हा त्यांनी कागद दाखवला. मी चौथी शिकलेली, आकडे मला वाचता येतात. एका बाजूला जनावराचा आकडा, दुसऱ्या बाजूला किती ते किती असावा ते छापलेलं.

“ह्याला नॉर्मल म्हणत्यात,” डॉक्टर म्हणाले. “कुणाचं नॉर्मल? पुस्तकातल्या गाईचं. ती गाय कुठल्या थंड मुलकात गवतात उभी हाय, देव जाणे. आपली गाय कुरकुंभच्या उन्हात पत्र्याखाली उभी. तिचं तिच्या जोडीदारणीशी लावून बघायचं, पुस्तकाशी मागनं.”

नॉर्मल हा शब्द कुणी काढला की त्यांचं डोकं सरकायचं. फोनवर लोक दुसरीकडच्या रिपोर्टचे फोटो पाठवायचे आणि विचारायचे, नॉर्मल आहे ना. हे उलट लिहायचे, गाईचा फोटो पाठवा. मग लोक फोटो पाठवायचे. एकानं पाठवला तो डॉक्टरांनी मला दाखवला. तो स्वतः इस्त्रीचा शर्ट, गॉगल घालून मध्ये उभा, मागं गाईचं एक शिंग. डॉक्टरांनी त्याला फोन लावला, “तुमची तब्येत बरी दिसतीय. आता जरा बाजूला व्हा.”

केंदूरच्या एका शेतकऱ्याची गोष्ट तर ते स्वतः सांगायचे नाहीत, मी सांगायची. त्यानं दोन नळ्या आणल्या होत्या, एक जांभळ्या टोपणाची, एक लाल. जांभळ्या टोपणाच्या नळीत औषध असतं, त्यात रक्त गोठत नाही. लालमधलं गोठू द्यायचं असतं आणि वर येणारं पाणी तपासायचं असतं. डॉक्टरांनी मशीन लावलं, कागद बघितला आणि बाहेर येऊन विचारलं,

“गाय कवा मेली?”

“मेली? अवो, टेम्पोत हाय की.”

“ह्या कागदापरमाणं तिच्या अंगात कॅल्शियम न्हाई. काळीज बंद पडलेलं हाय. ती मेलेली हाय.”

माणूस घाबरून टेम्पोकडं पळाला. मागनं डॉक्टर, मागनं मी. गाय कुणाच्या तरी पिशवीतली मेथी काढून खात होती. डॉक्टरांनी तिला वाकून नमस्कार केला. मग त्या माणसाला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांगा, नळ्यांचं काय केलं.

“काय न्हाई. वाटंत बघितलं तर लाल टोपणाचं पार गोठून बसलेलं. म्हणलं खराब झालं. मग ते टाकलं आन् जांभळ्यातलं निम्मं त्यात वतलं.”

नळीतलं औषध कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून कागदावर कॅल्शियम दिसेना. डॉक्टर त्याच्यावर रागावले नाहीत. म्हणाले, “गोठलेलं टाकायचं आन् पातळ ठिवायचं. दूध असतं तर मीबी तेच केलं असतं.” नवं रक्त काढून घेतलं. गाईला साधा जंताचा त्रास होता.

आता माझ्या म्हशींचं सांगते.

चांदी आणि मैना, दोन्ही मुऱ्हा जातीच्या. चांदी संक्रांतीच्या सुमाराला व्याली, मैना त्यानंतर दोनेक महिन्यांनी व्यायची होती. चांदी व्याली आणि थोड्या दिवसांत तिनं दूध कमी केलं. मग एक दिवस तिची लघवी बघितली तर कोऱ्या चहासारखी. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गोचिडाचा ताप सांगून इंजेक्शन दिलं. फरक नाही. परत दिलं. तोवर लघवी कॉफीसारखी काळी झाली आणि चांदीच्या डोळ्यांच्या आतला भाग कागदासारखा पांढरा. चांदीचं दूध बंद म्हणजे सगळा रतीब बंद. मैना आटवलेली, गाभण. ती व्याली की सावरू, एवढाच आधार होता.

आमच्या भाडेकरूंना मी आधी सांगितलं नव्हतं. घरच्या म्हशीसाठी त्यांच्या दारात रांगेत कशाला बसायचं, असं वाटलं. तेच सकाळी तोंड धुताना गोठ्याकडं बघून म्हणाले, “मालकीणबाई, काळं काय वाहतंय?” आणि दात घासायचे सोडून आत आले. चांदीचं रक्त काढलं, मैनाचं काढलं. मग गोठ्यातला वैरणीचा ढीग बघत उभे राहिले. उसाचं वाढं होतं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे. मुलगा फडातनं रोज ट्रॉलीच्या कोपऱ्यात घालून आणायचा. हंगाम सुरू झाल्यापासून माझ्या म्हशी तेच खात होत्या. सगळ्या भागात तेच चालतं. हिरवंगार दिसतं, जनावर आवडीनं खातं.

“ह्या दोघीबी हेच खात्यात?”

“व्हय.”

“मग ह्यांची जोड एकमेकींशी लागायची न्हाई. ज्या म्हशीनं वाढं खाल्लं न्हाई अशी म्हैस पायजे. ती पलीकडं हाय ती काय खाती?”

पलीकडं म्हणजे माझ्या थोरल्या जावेची. तिच्या घरी उसाशी संबंध नाही, तिची म्हैस कडबा आणि भुश्शावर. पण आमच्या गोठ्याचं सांडपाणी तिच्या अंगणात जातं यावरनं आमचं बोलणं बंद होतं, आणि बरीच वर्षं बंद होतं.

“तिची मिळायची न्हाई,” मी म्हणाले.

“का?”

“मी मागणार न्हाई.”

“मग मीबी काय सांगणार न्हाई,” डॉक्टर म्हणाले आणि राहिलेले दात घासायला गेले.

मी चांदीकडं वळले. चांदीनं मान खाली घातली होती. मग पदर खोचला आणि गेले.

जाऊ भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहून म्हणाले, “आक्का, तुमच्या म्हशीचं नळीभर रक्त पायजे.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, तेव्हा बोलली. “माझं आटवून झालं व्हय गं, आता म्हशीचं?”

“चांदी मरायला लागलीय.”

“ते म्हाईत हाय. घाण माझ्याच दारात वाहतीय, मला दिसत न्हाई व्हय ती काळी झालेली?” भाकरी उलटली. “ये म्हणावं त्या येड्याला. पर म्हैस लाथ मारती. मीच धरीन. तू लांब हुबी ऱ्हा, तुला बघून बिचकती ती.”

दुपारी डॉक्टरांनी तिन्ही नळ्या ओट्यावर उन्हात लावल्या आणि मला बोलावलं. जाऊ भिंतीपलीकडं उभी होती. तिला बोलावलं नव्हतं. ती धुणं वाळत घालत होती आणि एकच चोळी परत परत झटकत होती.

समजायला काही शिकलेलं असायची गरज नव्हती. जावेच्या म्हशीच्या नळीत तळाला जाड तांबडं आणि वर गवती रंगाचं स्वच्छ पाणी. मैनाचीही तशीच. चांदीच्या नळीत तांबडं तळाला कसंबसं, आणि वरचं पाणीच लाल. “रक्ताच्या पेशी अंगातल्या अंगात फुटत्यात,” डॉक्टर म्हणाले. “तेच लघवीतनं जातंय. मी काचेवर लई शोधलं, पेशींत गोचिडाच्या तापाचा किडा न्हाई.”

“म्हंजी त्या डॉक्टरनं चुकीचं केलं?”

“न्हाई. लाल लघवी दिसली की ह्या भागात पहिला संशय त्याचाच घ्यायचा. मीबी घेतला असता.” मग कागद पुढं केला आणि जांभळं बोट एका ओळीवर ठेवलं. “फॉस्फरस. चांदीचा तळाला गेलाय. रक्त फुटलं की ह्यो आकडा उलट वर चढतो, तरीबी एवढा खाली हाय. वाढ्यात ह्यो नसल्यागतच असतो. जनावर पोट भरून खातं आन् आतनं रिकामं ऱ्हातं. व्याली की हाय तेवढा दुधात जातो, मग रक्ताच्या पेशी टिकत न्हाईत. आक्कांच्या म्हशीचा चांगला हाय.” मग बोट शेजारच्या आकड्यावर सरकवलं. “ह्यो मैनाचा.”

तो चांदीच्या आकड्याच्या जवळच होता.

“मैनाला काय न्हाई झालं,” मी म्हणाले. “खाती, पिती, रवंथ करती. तिची नळीबी आक्कांच्या म्हशीगत स्वच्छ हाय.”

“मालकीणबाई, तुमच्याकडं आजारी म्हशी दोन हायेत. एकीनं तुम्हाला सांगितलं. दुसरी व्याल्यावर सांगणार हाय.”

दोन्ही म्हशी गेल्या तर मला कॉलनीत भांडी घासायला जावं लागणार, हे मला त्या ओट्यावर उभ्या उभ्या दिसलं.

चांदीला शिरेतनं औषध दिलं. जावेच्या म्हशीचं रक्त पिशवीत काढून चांदीला चढवलं. त्याआधी दोघींचं रक्त काचेवर एकत्र करून जमतंय का ते बघितलं. जावेनं म्हशीचं दावं धरलं होतं आणि ती सारखी म्हणत होती, “लई काढू नगा, लई काढू नगा,” पण दावं सोडलं नाही. संध्याकाळी चांदीनं दोन घास कडबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसली ती उठली नाही. डॉक्टर तिच्या मानेवर हात ठेवून शेजारी बसले होते. म्हणाले, “औषध बराबर होतं. वेळ गेलेली होती.” एवढंच. मला धीर द्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, ते मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून मैनाचा कारभार त्यांनी हातात घेतला. वाढं जवळजवळ बंद. कडबा, गव्हाचा भुस्सा, सरकी पेंड आणि क्षारांची पावडर. मुलगा चिडला. “घरचं हिरवं सोडून वाळलं इकत आणायचं? लोक हसतील.” डॉक्टर त्याला म्हणाले, “हसू द्या. लोकांच्या म्हशीबी तेच खात्यात, त्यांचंबी हसू मग बघू.” अधनंमधनं मैनाचं आणि जावेच्या म्हशीचं रक्त काढायचे. सकाळ झाली की काचेचा ग्लास घेऊन मैनाच्या मागं उभे राहायचे. धार लागली की ग्लास पुढं, मग उन्हाला धरून बघायचे. मैना व्याल्यावर दूध मिळेल का विचारायला आलेली एक नवी बाई ते बघून परत गेली ती कायमचीच.

मैना व्याली. रेडी झाली. डॉक्टरांनी बजावलं, सुरुवातीला सगळं पिळायचं नाही, रेडीलाच पाजायचं. कॉलनीतल्या बायका खरवसाचा चीक मागत आल्या, मी कुणालाच दिला नाही. चांदी व्याल्यावर जेवढ्या दिवसांनी काळी लघवी झाली होती ते दिवस जवळ आले तसं मला जेवण जाईना. रोज सकाळी डॉक्टर ग्लास धरायचे आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघायची. पिवळी. पिवळी. परत पिवळी. भिंतीपलीकडून जाऊ ओरडायची, “काय रंग?” आणि डॉक्टर ग्लास उंच करून दाखवायचे. ते दिवस येऊन निघून गेले. मैना भरपूर दूध द्यायला लागली. हळूहळू ग्लास बंद झाला.

मग मी टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. आमच्यात आभार मानायची तीच पद्धत. ते दुर्बिणीत बघत होते.

“कशाबद्दल?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“मैनाबद्दल.”

“तिला काय झालं होतं?”

“काय न्हाई झालं.”

“मग?”

आजारी जनावर बरं केलं तर माणसाला दाखवता येतं, हे बघा, हे मरत होतं, ह्यांनी उठवलं. मैनाचं काय दाखवणार? ती आधी उभी होती, नंतरही उभी होती. गल्लीत लोकांनी डॉक्टरांच्या हातून चांदी मेली एवढंच लक्षात ठेवलं. मी कुणाला मैनाचं सांगायला गेले की म्हणायचे, तिला कुठं काय झालं होतं.

डॉक्टरांनी टोपी परत दिली, टोपी घालत नव्हते. टॉवेल घेतला आणि माझ्या देखत त्यानं दुर्बिणीचा आरसा पुसायला लागले. नारळ फोडून निम्मा भिंतीवरनं जावेला दिला.

ते आता दौंडमध्ये नाहीत. डोळ्यांनी साथ सोडली तशी मुलगी घेऊन गेली. खोल्यांत मोबाईल दुरुस्तीवाला आहे, त्याचा त्रास नाही. जाऊ आणि मी बोलतो, सांडपाण्यावरनं भांडतोही. मैना त्यानंतर कितीतरी वेळा व्याली आणि म्हातारी होऊन गेली. तिची रेडी आणि त्या रेडीची रेडी माझ्या गोठ्यात आहे. घर त्यांच्यावरच चाललं.

त्या डॉक्टरांविषयी काही लिही म्हणून नात मागं लागली, तेव्हा मी म्हणाले, लिहायला घडलं काय? मग बसले. त्या साली माझ्या मैनाला काही झालं नाही. ते त्यांनी केलं.